परक्या गावचे नियम



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'परक्या गावचे नियम' असे सांगितले आणि ते थोडे घोटाळ्यात पडले. इतिहासाच्या व्याख्यानात राजे असावेत, लढाया असाव्यात, निदान एखादा तह तरी असावा, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. परंतु मी पोती वाहता वाहता वाचायला लागलेला माणूस आहे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या फाडताना आणि ग्रंथालयाच्या बाकावर झाले. तेव्हा लढाया मी विद्वानांवर सोपवतो. मला एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे. माणूस परक्या गावात पाऊल टाकतो, तेव्हा तिथले नियम त्याला कोण सांगतो?

आपल्या गावच्या नावापासूनच सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी माझा मुंबईचा एक जुना सोबती मला भेटावयास निघाला. तिकिटाच्या खिडकीवर त्याने 'मलकापूर' म्हणून सांगितले, खिडकीने तिकीट दिले, आणि दुसऱ्या दिवशी तो बुलढाणा जिल्ह्यातल्या, भुसावळच्या पुढच्या मलकापुरास उतरला. तिथे तो ढेबेवाडी फाटा विचारीत फिरला. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला चहा पाजून सांगितले, "बाबा, तुमचं मलकापूर कऱ्हाडाजवळ. मागं फिरा, मनमाडावरून पुणं गाठा." तिसरे एक मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात आहे. म्हणजे आमच्या गावी येणाऱ्याला पहिला नियम हा, की तिकीट मलकापूरचे मागू नये, कऱ्हाडचे मागावे. दुसरा नियम, आगगाडीने आल्यास कऱ्हाडचे स्टेशन कऱ्हाडात शोधू नये; ते ओगलेवाडीस आहे, आणि तिथून कऱ्हाड ओलांडून, कोयनेचा पूल ओलांडून मलकापुरास यावे लागते. तिसरा नियम, रात्रीची लांब पल्ल्याची मोटार पुष्कळदा स्टँडात न जाता महामार्गावरच उतरवते. तेव्हा कोणत्या फाट्यावर उतरावयाचे ते आधीच विचारून ठेवावे आणि अंधारात रस्ता ओलांडण्याची घाई करू नये.

तुम्ही हसता, कारण हे तुम्हांला पाळण्यातच कळले आहे. पण नव्या माणसाला ते कळावे कसे? गावचे खरे नियम पाटीवर नसतात. ते गावकऱ्यांच्या अंगात मुरलेले असतात, आणि म्हणूनच ते दुसऱ्याला सांगावे लागतात, ही गोष्ट गावकऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

ज्यांच्या लक्षात राहिली होती, अशी माणसे आपल्याच उशाशी नांदून गेली. आगाशिवाच्या डोंगरातली, जखिणवाडीकडची बौद्ध लेणी आपण लहानपणी लपंडाव खेळायला वापरली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळीही हा मुलूख वाटेवरचा होता. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत 'करहकट' नगराचे नाव येते, आणि हे आपले कऱ्हाडच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे इथली माणसे आणि इथला पैसा इतक्या लांब पोहोचत होता; तसे लांबचे लोक इथेही येत असणारच.

भिक्षू तर सदाचेच प्रवासी. पावसाळ्यापुरते एका जागी राहावयाचे आणि एरवी चालावयाचे. त्यांच्या आचाराचे नियम विनयपिटकात आहेत. आमच्या संघटनेतल्या एका वडीलधाऱ्या सोबत्याने, ज्यांनी तरुणपणी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म स्वीकारला होता, त्यांनी मला ते वाचावयास दिले. मी धर्मग्रंथ म्हणून उघडले आणि एका पानावर थबकलोच. परक्या विहारात येणाऱ्या भिक्षूने कसे वागावे, हे तिथे पायरीपायरीने सांगितले आहे. पायताण काढावे, धूळ झाडावी, छत्री मिटावी, डोके उघडे करावे, घाई न करता आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि धुण्याचे कोणते, हे विचारावे. आपली राहण्याची जागा कोणती, शौचाची जागा कुठे, भिक्षेला कोणत्या घरी जावे आणि कोणत्या घरी जाऊ नये, विहारात येण्याजाण्याच्या वेळा कोणत्या ठरल्या आहेत, हेही विचारावे. रिकाम्या विहाराचे दार लोटण्यापूर्वी आधी वाजवावे आणि क्षणभर थांबावे. येणाऱ्याला तिथे 'आगंतुक' म्हटले आहे.

इथवर वाचून मला वाटले, ही तर धर्मशाळेच्या पाटीसारखीच गोष्ट झाली. परंतु पुढेच दुसरे प्रकरण आहे. त्यात 'आवासिक' भिक्षूचे, म्हणजे जो आधीपासून तिथे राहतो आहे त्याचे, कर्तव्य सांगितले आहे. वडील आगंतुक येताना दिसला की आसन मांडावे, पाय धुण्याचे पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याच्या हातचे पात्र आणि चीवर घ्यावे, पाणी हवे का विचारावे. आगंतुक कनिष्ठ असला तर उठून उभे राहण्याचे बंधन नाही, पण जागा कुठली, पाणी कुठले, हे बसल्या जागेवरून तरी त्याला सांगितलेच पाहिजे.

माझे सारे व्याख्यान ह्या दोन प्रकरणांत आहे. विचारणे हे येणाऱ्याचे काम आणि सांगणे हे राहणाऱ्याचे काम. नियम दोघांना बांधतात. एकाच बाजूला बांधणारा नियम असेल, तर त्याचा दंडुका व्हायला वेळ लागत नाही.

तो दंडुका कसा होतो, हे पाहण्यासाठी पेशव्यांच्या पुण्यात जाऊ. त्या काळचे पुणे कोतवालाच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध होते. रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर जो सापडेल त्याला सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. पुणेकराला तोफ ठाऊक होती. त्याचे घर जवळ असे, ओळख असे, चार पैसे देण्याची वाटही ठाऊक असे. परगावच्याला ह्यातले काही नव्हते. १७९१ च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना कोतवाल घाशीराम याच्या माणसांनी पकडले. बागेतले काही तोडले, असा त्यांच्यावर ठपका होता. त्यांना एका कोंदट जागेत कोंडले आणि त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. ह्या कथेत आपण घाशीरामाचा शेवट लक्षात ठेवतो. मला मात्र आदल्या संध्याकाळची माणसे आठवतात. शेकडो कोस चालून ती ह्या शहरात आली होती. बाग कोणाची आहे आणि त्या कोतवालाचा स्वभाव काय आहे, हे त्यांना सांगणारा एकही पुणेकर भेटला नसेल का?

आता मुंबईकडे वळतो, कारण आपल्या तालुक्यांचा खरा परका गाव तोच. १८६३ हे साल ध्यानात ठेवावे. त्या साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि देशावरच्या माणसाला मुंबईचे दार उघडले. त्याच साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मुंबई शहराविषयी मराठीत एवढे सविस्तर पुस्तक त्यापूर्वी नव्हते. परंतु पुस्तक वाचणारा मुंबईस जात होता तो वेगळा, आणि गिरणीत, गोदीत, बाजारात राबावयास जाणारा वेगळा. आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी रेल्वे आली, तीही अरुंद रुळांची. १९७० च्या सुमारास रूळ रुंद होईपर्यंत आपल्या माणसाला पुण्यास उतरून गाडी बदलावी लागे. वळकटी काखेत, भाकरीचे फडके हातात, आणि कोणती गाडी पकडावी हे वाचता येत नाही, अशा अवस्थेत पहिली परीक्षा पुण्याच्या फलाटावरच होई.

सरकारी नियम त्याला भेटत ते कसे, हेही ऐका. १८९६ साली मुंबईत मांडवीस प्लेग उघडकीस आला आणि १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासू लागले. बायाबापड्यांच्या काखा आणि जांघा फलाटावर चाचपल्या गेल्या, गाठोडी सोडली गेली. साथ खरी होती, माणसे पटापट मरत होती. त्याच साली कऱ्हाडासह आपल्या जिल्ह्यातही ती शिरली. तेव्हा तपासणीच नको होती, असे मी म्हणणार नाही. पण ती तपासणी का, किती वेळ, नंतर काय, हे त्या उतारूला त्याच्या भाषेत नीट सांगणारा कोणी नव्हता. आणि हिसका बसला तो मुख्यतः तिसऱ्या वर्गाला. नियम होता तो आगंतुकासाठी. आवासिकाचे प्रकरण गहाळ होते.

ते प्रकरण पुन्हा लिहिले आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी. लालबाग-परळच्या चाळींत आणि मसजिद बंदराच्या बाजूला गावोगावच्या लोकांनी वर्गणीतून खोल्या घेतल्या, गाळे घेतले. दहा-बाराच्या खोलीत तीस-चाळीस माणसे राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा निजे. मी १९८६ साली थोरल्या चुलत्यांच्या मागोमाग अशा एका खोलीत पोहोचलो, तेव्हा सोळा वर्षांचा होतो. रात्रीच्या एस. टी. तून उतरलो होतो आणि डोके गरगरत होते. चुलत्यांनी मला कामावर नेले नाही. पहिला दिवस नुसता हिंडवला आणि संध्याकाळी खोलीतल्या वडीलधाऱ्यांपुढे बसवून नियम सांगितले. ते कोणी छापले नाहीत, म्हणून इथे सांगतो.

खोलीचा पत्ता कागदावर लिहून बंडीच्या आतल्या खिशात ठेवावा. चुकलास तर पोलिसाला नव्हे, आधी दुकानदाराला दाखवावा. सुटे पैसे वरच्या खिशात, नोट आत. फास्ट गाडी सगळ्या ठेसनांवर थांबत नाही, म्हणून चढण्यापूर्वी विचारावे. विचारायची लाज वाटली तर कल्याणला पोहोचशील. चालत्या गाडीत चढू नये, एक दिवसाची हजेरी बुडाली तरी चालेल. नळाला पाणी पहाटे येते, तेव्हा बादली रांगेत लावून मगच डोळे चोळावेत. रात्रपाळीवाला निजला असेल तर खोलीत मोठ्याने बोलू नये. कोऱ्या कागदावर अंगठा वा सही करू नये, सांगणारा गावचा असला तरी. आणि शेवटचा नियम असा, की पुढच्या महिन्यात गावाहून जो कोणी येईल, त्याला हे सगळे तू सांगावयाचे.

ह्याच्या बदल्यात खोलीवर काय बंधन होते? पहिला पगार होईपर्यंत माझ्याकडून वर्गणी घ्यावयाची नाही. खानावळवाल्या मावशींकडे माझ्या जेवणाला कोणीतरी जामीन राहावयाचे. त्या मावशी म्हणजे मुंबईच्या कामगाराची अर्धी आई. त्यांच्यासारख्यांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून उभी केली. आजारी पडलो तर गावी पोहोचवणे खोलीकडे. मेलो तर तेही खोलीकडे.

बंधूंनो, आमची पहिली संघटना ही खोली होती. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी हमालांना एकत्र आणले आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यात नवे काय होते? कामगाराची मंडळाकडे नोंद. मजुरी मुकादमाच्या हातून न येता मालकाने मंडळात भरावयाची. तिच्यावर लेव्ही भरावयाची आणि त्यातून भविष्यनिर्वाह, रजा, बोनस द्यावयाचा. म्हणजे राबणाऱ्याने काय करावे एवढेच न सांगता, राबवून घेणाऱ्याने काय करावे हेही लिहिले गेले. विनयाची दोन्ही प्रकरणे कायद्यात आली. १९७९ साली संसदेने परराज्यांतून ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांसाठी कायदा केला, त्यातही विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता ठेकेदारावर बसवला होता. कागद चांगलेच होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मोठेपणाची नाही. १९९७ सालची. घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून नव्या मुंबईत हलले होते आणि मी टोळीत मुरलो होतो. संघटनेचे काम करीत होतो, सभेत बोलत होतो. एका गोदामात उत्तर प्रदेशातला एक पोरगा नव्याने आला. नोंद नाही, ओळख नाही, कोणीतरी रोजावर आणलेला. पहिल्याच दिवशी तो पोत्यांच्या थप्पीपाशी ज्या रीतीने उभा होता, ते मी पाहिले. थप्पी वरून उतरवावयाची असते. खालचे पोते ओढावयाचे नसते. हे मला चुलत्यांनी कामाच्या पहिल्या दिवशी, खांद्यावर पोते देण्याआधी सांगितले होते. त्याला सांगावे, असे माझ्या मनात आले. पण मी म्हटले, हा आपला नाही, ह्याला ज्यांनी आणला ते सांगतील. आणि खोटे कशाला बोलू, हे लोक स्वस्तात राबून आमच्या मजुरीवर गदा आणतात, असा रागही मनात होता.

दुपारी थप्पी कोसळली. त्याचा पाय घोट्यापासून चेचला. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होताच, पण तो पोरगा कोणाकडे कामाला होता, हेच कोणी कबूल करीना. आम्ही टोळीत वर्गणी काढून त्याला गाडीत बसवून दिले. जाताना त्याने माझे आभार मानले. मी त्याला काही सांगितले नव्हते, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून मी एवढेच शिकलो, की नियम न सांगणे हेही एक कृत्य आहे. हात न उचलता माणूस जायबंदी करता येतो.

आता ही गोष्ट मलकापूरची कशी, ते सांगून संपवतो. आपण आजवर आगंतुक होतो. आपण मुंबईस गेलो, पुण्यास गेलो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत गाव बदलले. ग्रामपंचायत होती ती नगरपंचायत झाली, मग नगरपरिषद झाली. रुग्णालये आली, महाविद्यालये आली, महामार्ग रुंद झाला. आज फाट्यावर उभे राहिले तर कोकणातल्या घाटाखालचा रोगी दिसतो, कर्नाटकातला मालमोटारवाला दिसतो, बिहारचा गवंडी दिसतो, आणि कोऱ्या वह्या घेऊन आलेली परजिल्ह्यातली मुलगी दिसते. मुंबईत त्या सकाळी मी जसा उभा होतो तशीच ही सर्व माणसे उभी आहेत. आता आवासिक आपण आहोत.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा ह्याच महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे चालताना आपण पाहिली. त्यांतले कित्येक आपल्याला एकच विचारीत होते: "पुढं जाऊ देतील का? पाणी कुठं मिळंल?" अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूचे हेच दोन प्रश्न होते. गावातल्या कित्येकांनी पाणी दिले, भाकरी दिली. काहींनी दारे लावली. भीती खरी होती, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण दार लावूनही खिडकीतून वाट सांगता येते. बसल्या जागेवरून तरी सांगावे, असे त्या जुन्या नियमात म्हटलेच आहे.

म्हणून माझी सूचना लहान आहे. गाडगेबाबा झाडू घेऊन गावात शिरत आणि आधी गाव झाडीत. त्यांनी पंढरपुरापासून मुंबईपर्यंत धर्मशाळा बांधल्या. रोग्याच्या नातेवाइकाला शहरात पहिल्या रात्री काय लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय कऱ्हाडात १९५४ पासून आहे. तेव्हा त्यांच्या नावाला जागून आपण ढेबेवाडी फाट्यावर एक पाटी लावू. मराठीत, हिंदीत आणि कानडीत. तीवर डाव्या बाजूला येणाऱ्यासाठी लिहू: परतीचे तिकीट कऱ्हाडचे मागा. स्टेशन ओलांडून ओगलेवाडीस आहे. रस्ता ओलांडताना पूल वा चौक गाठा. रोग्याची कागदपत्रे आणि औषधाची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. मजुरीचा करार तोंडी असला तरी दर दोघा साक्षीदारांसमोर ठरवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. वेळ असेल तर संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा; तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, असा संगम फारसा कुठे पाहायला मिळत नाही.

आणि उजव्या बाजूला आपल्यासाठी लिहू: विचारणाऱ्याला उत्तर द्या. खोलीचे भाडे गावकऱ्याला जे, तेच परक्याला. रिक्षाचा दर आधी सांगा. ठेक्यावर आणलेल्या माणसाचे नाव वहीत लिहा. नव्या माणसाला धोक्याची जागा पहिल्या दिवशी दाखवा. चोवीस तास नळाला पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव राज्याबाहेर गेले होते. त्या गावात पाणी विचारणाऱ्याला नळ दाखवा.

पाटी मोठी होईल, असे कोणी म्हणेल. होऊ द्या. डाव्या बाजूची अक्षरे पावसाने पुसली तरी चालेल, ती माणसे विचारून शिकतील. उजवी बाजू मात्र दर वसंतात पुन्हा रंगवावी लागेल, कारण ती विसरण्याची सवय आपल्याला आहे. मला होती, म्हणून सांगतो.

 बाहेर अंधार आहे. सभेला परगावाहून जे आले असतील, त्यांना शेवटच्या गाडीची वेळ शेजाऱ्याने सांगावी, एवढी विनंती करून मी खाली बसतो.